‘फॉरमॅट’ मारण्याआधी...

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली उतरणाऱ्या वस्तूंमध्ये अलीकडे एकीची भर पडली आहे. ती म्हणजे घरातला पहिला संगणक. पिवळट पडलेले कॅबिनेट, काचेच्या नळीचा बोजड मॉनिटर आणि गोल पिनेचा की-बोर्ड. २००० ते २००५ च्या सुमारास तो घरात आला तेव्हा त्याच्यासाठी कापडी आवरण शिवून घेतले गेले आणि दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचे फूलही वाहिले गेले. आज भंगारवाल्याच्या काट्यावर त्याला लोखंडापेक्षा फारशी अधिक किंमत येत नाही. त्याच्या हार्ड डिस्कवर मात्र पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले मुलाचे बारसे असते, आजोबांनी एका बोटाने टंकलेल्या आठवणी असतात, सोसायटीच्या दहा वर्षांच्या सभांची इतिवृत्ते असतात. त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. ‘सीडीवर घेऊन ठेवू’ हा संकल्प बहुतेक घरांत पुढच्या रविवारवर ढकलला गेला आणि तो रविवार कधी उजाडलाच नाही.

मग कुणीतरी बटण दाबते. काहीच होत नाही, किंवा नुसतीच शिटी वाजते, किंवा निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो. यंत्र कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात जाते आणि तिथे ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

हा सल्ला प्रत्येक वेळी चुकीचा असतो असे नाही. मात्र तो देण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे, हे क्वचितच पाहिले जाते. विजेचा पुरवठा, मदरबोर्ड व रॅम, हार्ड डिस्क आणि संगणकप्रणाली या चार जागांपैकी पहिल्या दोन ठिकाणी दोष असेल तर फॉरमॅटचा काडीचाही उपयोग होत नाही. तिसऱ्या ठिकाणी असेल तर तो घातक ठरतो. राहिली चौथी जागा. तिथे उपयोग होतो, पण घरातल्या फाइलींचा बळी देऊन. साध्या ‘क्विक फॉरमॅट’ने मजकूर लगेच नाहीसा होत नाही, केवळ त्याची अनुक्रमणिका पुसली जाते. खरे नुकसान त्यानंतर होते. नव्याने भरलेले विंडोज हजारो फाइली घेऊन त्याच जागेवर पसरते आणि ज्या भागावर ते पसरले तो भाग पुन्हा हाती लागत नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत तर पूर्ण फॉरमॅट केल्यास संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर शोधण्याजोगे काही उरत नाही.

बटण दाबण्यापूर्वी

अनेक वर्षे बंद असलेला संगणक थेट बोर्डात लावून सुरू करणे हीच पहिली चूक. कोकणपट्टीच्या दमट हवेत धातूच्या संपर्कबिंदूंवर गंज चढतो. धूळ ओलावा धरून ठेवते. पालीची अंडी, झुरळे आणि प्रसंगी उंदराने कुरतडलेली वायर हेही कॅबिनेटमध्ये सापडते. त्यामुळे बाजूचा पत्रा काढून कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि पंखे बोटाने फिरवून पाहावेत. मदरबोर्डवरील प्रोसेसरभोवतीच्या नळकांड्यांसारख्या कॅपॅसिटरकडे नीट लक्ष द्यावे. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगलेला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव बाहेर आला असेल, तर बोर्डाचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. १९९९ ते २००७ च्या दरम्यान तयार झालेल्या असंख्य बोर्डांवर सदोष कॅपॅसिटर बसवले गेले होते. जगभर त्यांचा बोभाटा झाला होता. ‘अधूनमधून आपोआप बंद होतो’ या त्या काळातल्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिथेच होते.

मागच्या बाजूला विजेची वायर लागते त्या खोक्याला एसएमपीएस म्हणतात. जुन्या एसएमपीएसवर लाल रंगाची एक सरकपट्टी असते. तिच्यावर ११५ किंवा २३० हा आकडा दिसतो. आपल्याकडे तो २३० च हवा. हाताळताना ती पट्टी ११५ वर सरकली असेल तर बटण दाबताच मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळतो. हे खोके घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतील कॅपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार काही काळ राहू शकतो. काचेच्या नळीच्या मॉनिटरलाही हेच लागू आहे.

कॅबिनेटला हात लागताच मुंग्या येतात, हा अनुभव जुन्या चाळींत आणि इमारतींत सर्रास येतो. तो संगणकाचा दोष क्वचितच असतो. एसएमपीएसमधील गाळणीचे कॅपॅसिटर अत्यल्प वीजप्रवाह कॅबिनेटच्या पत्र्याकडे वळवतात आणि तो अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावा अशी रचना असते. बोर्डात अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडात घुसवली असेल, तर तो प्रवाह माणसाची वाट पाहत पत्र्यावरच थांबतो. इथे संगणक दुरुस्त करणाऱ्याला नव्हे, वायरमनला बोलवावे.

या सगळ्या तपासणीच्या आधी एक प्रश्न घरातच विचारून घ्यावा : संगणक चालू व्हायला हवा आहे, की केवळ त्यातील फाइली हव्या आहेत? उत्तर दुसरे असेल तर तो सुरू करण्याची गरजच नाही. म्हाताऱ्या एसएमपीएसमधून चुकीचा दाब आला तर आतापर्यंत धडधाकट असलेली डिस्कही जाऊ शकते. चार स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घ्यावी आणि यूएसबी अडॅप्टरने आजच्या संगणकाला जोडावी. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत असा अडॅप्टर मिळतो. घेताना डिस्कचा प्रकार पाहावा. साधारण २००३ पर्यंतच्या डिस्कला चाळीस पिनांचा रुंद जोड असतो. त्या पद्धतीला आयडीई म्हणतात. त्यानंतर हळूहळू ‘एल’ आकाराचा अरुंद साटा जोड आला. दोन्ही चालणारा अडॅप्टर घेणे शहाणपणाचे. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो, त्यामुळे त्यासोबत विजेचा छोटा अडॅप्टरही हवा. लॅपटॉपची डिस्क बहुधा यूएसबीच्या विजेवरच चालते.

शिटीची भाषा

संगणकच चालवून पाहायचा असेल, तर तो काय ‘बोलतो’ ते आधी ऐकावे. बटण दाबल्यावर दिवा, पंखा, आवाज यांपैकी काहीच नसेल तर संशयित विजेच्या वाटेवरचे : बोर्ड, वायर, एसएमपीएस किंवा यूपीएस. यूपीएसची बॅटरी काही वर्षांतच संपते. चाचणी करताना यूपीएस बाजूला ठेवून वायर थेट भिंतीवरच्या बोर्डात लावावी. पुष्कळ ‘मेलेले’ संगणक एवढ्यानेच उठतात.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि शिट्या वाजतात, हा दुसरा नेहमीचा प्रकार. ही शिटी म्हणजे बायोस या मूळ प्रणालीची तक्रार असते आणि तिचा अर्थ बायोसच्या बनावटीनुसार बदलतो. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड शिट्या म्हणजे डिस्प्ले कार्डाचा दोष. थांबून थांबून अखंड वाजणारी शिटी बहुधा रॅमची. एएमआय बायोसमध्ये तीन शिट्या रॅमकडे बोट दाखवतात, आठ शिट्या डिस्प्लेच्या स्मृतीकडे. रॅम म्हटली की आपल्याकडे खोडरबर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रॅमची पट्टी काढायची, सोनेरी दातांवर रबर फिरवायचे, पुन्हा बसवायची. हसू येते, पण उपाय खरा आहे, कारण बहुतेक वेळा दोष रॅममध्ये नसून दातांवर चढलेल्या थरात असतो. पथ्य इतकेच, की वायर काढलेली असावी, हात आधी धातूला लावून अंगावरील स्थिरविद्युत उतरवावी, रबर मऊ असावे आणि त्याचा कचरा स्लॉटमध्ये पडू देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे त्याहून चांगले. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी.

थोडा वेळ चालून बंद पडणारा संगणक बहुधा तापलेला असतो. प्रोसेसरवरील पंख्याखाली धुळीचा नमदा जमतो आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी होते. २००४ नंतरचे पेंटियम-४ तर मुळातच तापट. साफसफाई आणि नवी पेस्ट, एवढेच तिथे पुरते.

एका सेलची करामत

बिघाड छोटा आणि परिणाम मोठा, असे एकच उदाहरण द्यायचे झाले तर ते मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या सेलचे द्यावे लागेल. सीआर २०३२ या नावाचा हा तीन व्होल्टचा सेल. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसची मांडणी लक्षात ठेवणे हे त्याचे काम. तो काही वर्षांत संपतो. मग प्रत्येक वेळी ‘सीमॉस चेकसम एरर’ असे काहीतरी दिसते, संगणक एफ-१ दाबायला सांगतो आणि तारीख मागे जाऊन बोर्ड तयार झाल्याच्या वर्षावर बसते. लोक एफ-१ दाबतात आणि पुढे जातात.

पण गोष्ट तारखेवर थांबत नाही. वर्ष चुकले की बँकेचे, रेल्वेचे, कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते आणि संगणकाच्या हिशेबी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. ‘इंटरनेट बिघडले’ म्हणून सेवा देणाऱ्याकडे फोन जातात.

त्याहून गंभीर प्रकार साधारण २००६ नंतरच्या साटा डिस्क असलेल्या संगणकांत घडतो. सेल संपल्यावर बायोस मूळ मांडणीवर जाते. त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत, म्हणजे आयडीई की एएचसीआय, हीसुद्धा बदलू शकते. विंडोज एका पद्धतीवर भरलेले आणि बायोस दुसऱ्या पद्धतीवर, अशी स्थिती झाली की चालू होताना निळा पडदा येतो आणि त्यावर शेवटी ‘७बी’ असा क्रमांक दिसतो. ‘बूट डिस्क सापडत नाही’ असा त्याचा अर्थ. डिस्क ठणठणीत असते, विंडोज ठणठणीत असते आणि तरीही नेमक्या याच ठिकाणी फॉरमॅटचा निकाल सुनावला जातो. नवा सेल आणि बायोसमधील एक नोंद बदलणे, इतक्यावर हा प्रश्न सुटू शकतो. सेलची किंमत दोन वडापावांच्या आसपास.

टकटक ऐकू आली तर

इतर सर्व दोष थांबू शकतात. हार्ड डिस्कचा दोष थांबत नाही. आतली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा, म्हणजे दुसऱ्या हिशेबाने सेकंदाला १२० वेळांपर्यंत फिरत असते आणि वाचणारे शीर्ष तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. मानवी केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. ते शीर्ष सैल झाले, बिघडले किंवा तबकडीला टेकले, तर लयीत ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येतो. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याच्या प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीवरचा थर खरवडला जाण्याची भीती असते. असा आवाज आला की त्याच क्षणी वीज बंद करावी. त्यानंतर प्रश्न फक्त एकच उरतो : आतला मजकूर किती मोलाचा? मोलाचा असेल तर धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी सेवेकडे जावे, तपासणीचे व कामाचे शुल्क आधी लेखी घ्यावे आणि वाटेत कुणालाही ती डिस्क उघडू देऊ नये. डिस्क रात्रभर फ्रिजमध्ये ठेवण्याचा जो उपाय कानोपकानी फिरतो, तो आपल्या हवेत तर उघड आत्मघात आहे. बाहेर काढताच आत-बाहेर दव जमते.

टकटक नाही, पण डिस्क अतिशय मंद झाली आहे, फाइल उघडताना संगणक गोठतो, ही त्याआधीची पायरी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या यंत्रणेत ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. त्यात ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे वाढत असतील तर दुरुस्तीचा नाद सोडून प्रत काढायला घ्यावी. पुष्कळांचा हात अशा वेळी ‘चेक डिस्क’कडे जातो. आजारी डिस्कवर तो चालवू नये. तो संपूर्ण डिस्क पिंजून काढतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितो. प्रत काढण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी दस्तऐवज, मग छायाचित्रे, मग घरचे चित्रीकरण. उतरवून घेतलेली गाणी आणि सिनेमे शेवटी. लिनक्सची ओळख असलेल्यांनी ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत.

अडॅप्टरने जोडलेल्या जुन्या डिस्कवर दोन संदेश हमखास येतात. ‘प्रवेश नाकारला’ हा पहिला. तो बिघाड नव्हे. एक्सपीमध्ये पासवर्ड ठेवून खासगी केलेले ‘माय डॉक्युमेंट्स’ दुसऱ्या संगणकावर असेच वागते, आणि फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली की ते उघडते. दुसरा संदेश अधिक धोकादायक असतो : ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे.’ म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले वाक्य आता खुद्द विंडोज उच्चारते. डिस्कची अनुक्रमणिका वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘कॅन्सल’ दाबावे.

पडद्यावरचे इंग्रजी

‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ किंवा ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असे दिसले तर पहिला उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे. फ्लॉपी, सीडी किंवा पेन ड्राइव्ह आत विसरला आहे का, ते पाहावे. संगणक त्याच्यावरून सुरू होण्याचा प्रयत्न करत असतो. निळा पडदा क्षणभर दिसून संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर सुरुवातीला एफ-८ दाबून येणाऱ्या यादीत स्वयंचलित रीस्टार्ट बंद करता येतो. त्यामुळे क्रमांक लिहून घेता येतो. त्याच यादीत ‘सेफ मोड’ आहे. तिथे संगणक चालला तर दोष बहुधा अलीकडे भरलेल्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा. पेन ड्राइव्हवरचे फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसणे हा विषाणूचा जुना खेळ. मूळ फोल्डर तिथेच लपवलेले असतात, तेव्हा इथेही फॉरमॅट नको.

जुना संगणक चालू झाला तरी त्याला इंटरनेटला जोडण्याची घाई करू नये. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टने निवृत्त एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती दिली होती. असा अपवाद पुन्हा होईल या भरवशावर बँकेचे व्यवहार कुणी करू नयेत. विंडोज ७ च्या काळातील यंत्रात साटा एसएसडी बसवून हलके लिनक्स भरले, तर लेखन-वाचनाला ते आजही पुरते. त्याहून जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांची वाट मात्र तिथेही अरुंद होत आहे. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी स्वतंत्र स्थापनेची सोय काढून टाकली.

फाइल मिळाली, मराठी गेली

सगळे जमते, आजोबांच्या आठवणींची फाइल नव्या संगणकावर येते आणि उघडताच पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकणाऱ्यांची संख्या कमी नसावी. खरे कारण वेगळे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये होत असे. त्यात संगणकाच्या लेखी साठवली जात ती इंग्रजीचीच सांकेतिक चिन्हे. त्यांच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवायचा तो विशिष्ट फॉन्ट. मराठी दैनिकांची संकेतस्थळे वाचण्यासाठी त्या काळी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, तो याच कारणाने. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो.

अशा वेळी मजकुरावर कर्सर ठेवून वर्डच्या पट्टीत फॉन्टचे नाव वाचावे. फॉन्ट संगणकावर नसला तरी नाव तिथे दिसते. मग जुन्या डिस्कवरील ‘विंडोज’ फोल्डरातील ‘फॉन्ट्स’मधून त्या नावाची फाइल घेऊन नव्या संगणकात बसवावी. बहुतेक वेळा मजकूर लगेच मराठीत दिसू लागतो. तो कायमचा टिकावा, शोधता यावा यासाठी पुढे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी असल्याने रूपांतरकही त्याच फॉन्टचा हवा. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, तेव्हा एकदा मुद्रितशोधन करण्याला पर्याय नाही.

पेजमेकरमध्ये लावलेली स्मरणिका किंवा लग्नपत्रिका असेल, तर तिला आजचे कार्यक्रम सहसा ओळखतही नाहीत. शिवाय काही लिपी-सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय चालत नाही. असा लॉक यंत्राच्या मागे दिसला तर भंगारात देण्यापूर्वी तो काढून जपावा आणि यंत्र श्वास घेत आहे तोवर त्याच्यावरच प्रत्येक पानाची पीडीएफ किंवा निदान कागदावर छापील प्रत काढून घ्यावी. प्रती काढताना ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि ‘डी’ ड्राइव्ह सर्वांच्या लक्षात राहतात. ‘फॉन्ट्स’ फोल्डर मात्र राहून जाते. तेही सोबत घ्यावे.